८ जीबी की १२? एका मध्यम संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड शोधताना

माझी भाची वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२५ च्या सुरुवातीला तिने विचारलं, "मामा, आरटीएक्स ४०६० घेऊ ना? सगळे तेच सांगतायत." मी हो म्हणणारच होतो. ८ जीबी मेमरीचं ते ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, वीज कमी खातं, तिच्या आवाक्यातलंही होतं. पण तिचा संगणक मी कधी उघडून पाहिला नव्हता. ज्या डब्यात ते कार्ड बसणार तो न बघता हो म्हणणं मला पटेना. म्हणून एक रविवार काढला. त्यातून जे निघालं ते सगळं इथे लिहितो, कारण मध्यम बजेटचा, चार-पाच वर्षं जुना संगणक असणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते.

संगणक असा होता: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग), १०८० पी आणि ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा मॉनिटर. कार्ड होतं जीटीएक्स १०५० टीआय. हे २०१६ चं, ४ जीबीचं, ७५ वॅटमध्ये चालणारं आणि त्यामुळे बहुतेक मॉडेलांत वेगळी वायर न मागणारं कार्ड. त्याने खूप साथ दिली, पण आता त्याचं वय दिसत होतं. तिच्या हातातली रक्कम म्हणजे अख्खा संगणक घेताना जेवढा खर्च झाला होता त्याच्या साधारण एक तृतीयांश. आणि कामं दोन. दिवसा ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये इमारतींची रेंडर, म्हणजे मॉडेलवरून बनवलेली अंतिम चित्रं; रात्री तासभर एखादा मोठ्या शहरात फिरवणारा खेळ.

अडतंय कुठे?

इंटरनेटवर प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की "१८ टक्के बॉटलनेक", म्हणजे एक भाग दुसऱ्याला किती अडवतो, असा आकडा काढून देणारी साधनं असतात. भाचीने तेही करून पाहिलं होतं. माझं मत स्पष्ट आहे, त्या आकड्याला अर्थ नाही. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका खेळात कार्डापाशी अडतं, दुसऱ्यात प्रोसेसरपाशी, आणि त्याच खेळात रिझोल्यूशन बदललं की पुन्हा उलटं होतं. १०८० पी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३७ लाख. कार्डावरचा भार जवळपास पावणेदोन पट होतो, प्रोसेसरचं काम मात्र तेवढंच राहतं. मग एकच टक्केवारी कशाची सांगणार?

त्यापेक्षा मोजून पाहणं सोपं. तिचा खेळ सुरू केला आणि कार्डाचा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं बनतात तो आकडा) पडद्याच्या कोपऱ्यात दिसतील असं केलं. १०८० पी, मध्यम सेटिंग: कार्ड ९८-९९ टक्के, व्हीरॅम काठोकाठ, एफपीएस ३० च्या आसपास. म्हणजे अडतंय ते कार्ड, यात शंका नाही. प्रोसेसर ४५ टक्के दिसत होता, पण त्या आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ३६०० मध्ये १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी कामाचे १२ धागे चालवतो. खेळाचा मुख्य थ्रेड पूर्ण दमलेला असला तरी एकूण वापरात तो फक्त ८ टक्क्यांची भर घालतो. खरी खूण कार्डाच्या वापरात दिसते. ते सतत शंभराच्या जवळ असेल तर कार्ड कमी पडतंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि एफपीएसला कुठे मर्यादा घातलेली नसेल, तर अडचण दुसरीकडे आहे.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता: उद्या कार्ड कितीही मोठं आणलं तरी हा प्रोसेसर जास्तीत जास्त किती एफपीएस देऊ शकेल? ते शोधायला नवं कार्ड लागत नाही. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर उतरवायचं आणि चित्राचा दर्जा कमी करायचा, म्हणजे कार्ड मोकळं होतं आणि जो आकडा उरतो ती प्रोसेसरची कमाल. पहिल्या खेपेला मी सरळ "लो" हा तयार पर्याय निवडला आणि आकडा ७० च्या पुढे गेला. मग लक्षात आलं की त्या पर्यायाने रस्त्यावरची गर्दीही विरळ केली होती. गर्दी आणि दूरवरच्या वस्तू हे प्रोसेसरचं काम. त्या दोन गोष्टी तिच्या नेहमीच्या सेटिंगवर ठेवून पुन्हा मोजलं तर आकडा ५५ वर आला आणि कार्डाचा वापर ८० टक्क्यांच्या खाली. ही चाचणी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, नाहीतर प्रोसेसर आहे त्यापेक्षा दणकट वाटतो.

५५ चा आकडा मला खटकला. ३६०० जुना असला तरी इतका दुबळा नाही. प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं. रॅमच्या पानावर चॅनल (रॅमपासून प्रोसेसरपर्यंतची वाट) एकच आणि फ्रीक्वेन्सी १०६६ दिसत होती. डीडीआरमध्ये हा आकडा दुप्पट धरायचा असतो, म्हणजे रॅम २१३३ वर चालू होती. पट्ट्यांवर मात्र ३२०० छापलेलं. कॅबिनेट उघडलं तर ८ जीबीच्या दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी, प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन खाचांत. चार खाचांच्या बोर्डावर त्या दोन्ही एकाच चॅनलच्या असतात. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्या होत्या. तिने तो संगणक तयार जोडलेला घेतला होता आणि पाच वर्षं तो अर्ध्या रुंदीच्या वाटेवरून मेमरीशी बोलत होता.

पट्ट्या हलवल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सोय) सुरू केलं. रायझनच्या या पिढीत प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांशी ज्या वेगाने बोलतात तो वेग मेमरीच्या वेगाला बांधलेला असतो, त्यामुळे रॅम मंद असली की दुहेरी फटका बसतो. तीच चाचणी पुन्हा केली: ५५ चे ७० झाले. एक पैसा न घालता. भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि मलाही मनापासून आनंद झाला. नवं कार्ड आणून ते ५५ ला अडकलं असतं तर सगळा दोष कार्डाच्या माथी गेला असता.

तर गणित असं ठरलं. मॉनिटर ७५ चा, प्रोसेसर गर्दीच्या जागी ७० आणि मोकळ्या जागी त्याहून जास्त देणारा. १०८० पीवर चांगल्या दर्जात ७०-७५ देईल एवढं कार्ड खेळासाठी पुरे. त्याच्या वरचा पैसा या मॉनिटरवर दिसणारच नव्हता.

एसएमपीएसची बाजू उलटून पाहिली

पुढ्यात "४५० वॅट" असं मोठ्या अक्षरात होतं. बाजूच्या तक्त्यावर मात्र १२ व्होल्टच्या रांगेत २५ अँपिअर लिहिलेलं. १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही आपली वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे आपल्यासाठी तो एसएमपीएस ३०० चाच. ३६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण भाराला त्याची मर्यादा ८८ वॅट आहे. ४०६० चे ११५ वॅट मिळवले तर २०३, पंखे आणि डिस्क धरून कसंबसं बसतं. दुसरा पर्याय आरटीएक्स ३०६० असेल तर त्याचे १७०, म्हणजे २५८ आणि वर बाकीचं. भार क्षणभर उसळतो तेव्हा काय होणार ते सांगायला नको.

भाची म्हणाली, "मग ४०६० च बरं ना, एसएमपीएस वाचेल." मुद्दा बरोबर होता, आणि मी त्यावर बराच वेळ थांबलो. पण त्या एसएमपीएसमधून कार्डासाठी बाहेर येणारी वायर एकच होती, ती सहा पिनांची. बाजारातल्या बहुतेक ४०६० ना आठ पिनांची लागते. सहा पिनांच्या वायरला ७५ वॅटचा हिशेब, आठला १५० चा. मधे जोडणी लावून सहाचे आठ करता येतात, दोन मोलेक्स (डिस्कसाठीचे जुने चार पिनांचे जोड) एकत्र करून आठ पिना करणाऱ्या वायरीही मिळतात. मी त्या कुणालाच सुचवणार नाही. पिनांचा आकार बदलल्याने मागच्या तारेची ताकद वाढत नाही, आणि जळतं तेव्हा नेमकी तीच जागा जळते. थोडक्यात, एसएमपीएस कोणत्याही कार्डासाठी बदलावाच लागणार होता. तेवढी रक्कम बजेटमधून बाजूला काढली. ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर जवळपास सगळी ताकद देणारा.

मध्यम बजेटमध्ये हा खर्च लोक शेवटी धरतात, किंवा धरतच नाहीत. तो आधी धरला की कार्डांची यादी आपोआप छोटी होते.

यादीतलं काय गळलं ते पटकन सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी तिच्या मैत्रिणीने सुचवलं होतं. पुन्हा ४ जीबीच, आणि ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेच्या, चारच लेन वापरतं. बी४५० वर पीसीआयई ३.० ही जुनी, मंद आवृत्ती असल्यामुळे तिथे ते आणखी लंगडतं. आरएक्स ६७०० एक्सटी १२ जीबीचं आणि खेळात दणदणीत, पण २३० वॅट खाणारं, आणि बजेटमध्ये फक्त वापरलेलं मिळत होतं. ४०६० टीआयचं १६ जीबीचं मॉडेल हाताबाहेर. इंटेलचं आर्क बी५८० तेव्हा नुकतंच आलं होतं, १२ जीबी, मोहात पाडणारं. पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावं लागतं, आणि त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर पडणारा भार ३६०० सारख्या जुन्या सहा-कोअर प्रोसेसरला जड जातो. आमचा प्रोसेसर आधीच ७० ला टेकलेला. त्याच्यावर आणखी ओझं टाकायचं नव्हतं.

उरली तीन: आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल.

फक्त खेळाचा विचार असता तर मी ६६०० सांगून मोकळा झालो असतो. १३२ वॅट, ८ जीबी, १०८० पीसाठी नेमकं, आणि तिघांत सगळ्यात स्वस्त. उरलेल्या पैशांत एसएमपीएस सहज बसला असता. पण तिचा दिवस ब्लेंडरमध्ये जातो. तिथे सायकल्स हे रेंडर इंजिन आरटीएक्स कार्डांवर ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या सोयीमार्फत प्रकाशकिरणांच्या हिशेबासाठी बनवलेले खास भाग वापरतं, आणि त्याने वेळेत मोठा फरक पडतो. ६६०० तिथे मागे राहतं.

ब्लेंडरने निकाल दिला

मग सामना ४०६० आणि ३०६० चा. नव्या पिढीचं ४०६० खेळांत साधारण १५ ते २० टक्के पुढे, रेंडरमध्येही पुढे, आणि ५५ वॅट कमी खाणारं. कागदावर दुसरा विचार करायचं कारणच दिसत नाही. फरक फक्त एका रकान्यात आहे: मेमरी ८ आणि १२.

मी तिला म्हटलं, तुझा या सत्राचा प्रकल्प उघड. १०५० टीआयवर तो कधी रखडायचा, कधी मेमरी पुरत नाही म्हणून थांबायचा, म्हणून ती तो प्रोसेसरवर रेंडर करत होती. एक चित्र रात्रभर. त्या रेंडरच्या वेळी ब्लेंडर खिडकीच्या वरच्या बाजूला मेमरीचा उच्चांक दाखवतो. तो ९ जीबीच्या पुढे होता.

इतकी मेमरी जाते कुठे, हे तिलाही कळत नव्हतं. भिंतीची वीट, लाकूड, काँक्रीट यांच्या प्रतिमा डिस्कवर तीन-चार एमबीच्या असतात, म्हणून त्या हलक्या वाटतात. पण रेंडर करताना जेपीईजी उलगडून पूर्ण ठेवावी लागते. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे एका प्रतिमेला ६४ एमबी. तिच्या दृश्यात सुमारे ४० मटेरियल होती आणि बहुतेकांना अशा तीन-तीन प्रतिमा: रंगाची, खडबडीतपणाची, नॉर्मलची (पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची). १२० गुणिले ६४, साडेसात जीबी तिथेच संपले. झाडं आणि फर्निचर अजून मोजायचंच आहे.

इथे ४०६० च्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवाद आहे, आणि तो मी तिच्यापुढे ठेवला. ब्लेंडरमध्ये सिम्प्लिफाय नावाची सोय आहे. त्यात प्रतिमांची कमाल रुंदी २०४८ ठरवली की प्रत्येकीचे ६४ चे १६ एमबी होतात आणि साडेसात जीबीचे दोनच्या आत येतात. मग ८ जीबीत सगळं मावतं आणि ४०६० चा वेग मिळतो. आम्ही तसं करून बघितलं. दुरून घेतलेल्या चित्रांत फरक शोधावा लागत होता. पण तिच्या शिक्षकांना प्रवेशद्वाराजवळची विटांची भिंत हातभर अंतरावरून दाखवायची असते, आणि तिथे विटांमधल्या सांध्यांची कड पुसट झाली. ही मर्यादा सगळ्या प्रतिमांना सरसकट लागते, एका भिंतीला सूट देता येत नाही. दूरच्या वस्तूंच्या प्रतिमा हाताने लहान करता येतात, पण ती म्हणाली, "सबमिशनच्या आदल्या रात्री मी हे करत बसणार नाही, मामा." तिचं म्हणणं मला पटलं. जे साधन वापरणाऱ्याला ऐन गडबडीत शिस्त पाळायला लावतं, ते त्याच्यासाठी कमीच पडलेलं असतं.

दुसरा मुद्दा मदरबोर्डचा, आणि तो फारसं कुणी बोलत नाही. ४०६० पीसीआयईच्या आठच लेन वापरतं. नव्या बोर्डावर ४.० असल्याने त्या पुरतात. तिच्या ३.० च्या बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. सगळं काम ८ जीबीच्या आत राहिलं तर ही अरुंद वाट जाणवतही नाही. पण सांडलं की सांडलेला भाग चौतीस पट मंद वाटेने ये-जा करतो. ३०६० ला सोळा लेन आहेत, म्हणजे त्याच बोर्डावर दुप्पट वाट, आणि मुळात १२ जीबी असल्याने सांडण्याची वेळच क्वचित. जुन्या बोर्डावर कमी मेमरी आणि कमी लेन हे दोन्ही एकत्र आलं की ते जास्त बोचतं.

तेव्हा २०२१ चं जुनं, मंद आणि जास्त वीज खाणारं कार्ड आम्ही निवडलं. सांगताना मला जरा धाकधूक होती. तिच्या मित्रमंडळीत ती जुनं कार्ड घेणारी एकटी ठरणार होती.

घेताना एक खबरदारी मात्र आवर्जून सांगावी लागली. आरटीएक्स ३०६० याच नावाचं ८ जीबीचंही मॉडेल आहे. त्यात फक्त मेमरीच कमी नाही, तिची रुंदीही १९२ बिटवरून १२८ वर आणि वेग सेकंदाला ३६० वरून २४० जीबीवर आणलेला आहे. खोक्यावर नाव तेच. तिने घेताना "१२ जीबी, १९२ बिट" हे दोन्ही वाचूनच पैसे दिले. मॉडेलही दोन पंख्यांचं, कारण तिच्या कॅबिनेटमध्ये डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २४ सेंटिमीटरच जागा होती. तीन पंख्यांची कार्डं तीसच्या आसपास जातात.

बसवताना विशेष काही घडलं नाही. आधी एसएमपीएस बदलून जुन्याच कार्डावर संगणक दिवसभर चालवला, म्हणजे बिघाड झालाच तर कशाने हे कळावं. मग कार्ड. मॉनिटर नव्या कार्डावर ६० हर्ट्झवरच सुरू झाला होता, तो विंडोजमध्ये जाऊन ७५ वर न्यावा लागला. हे न पाहता कित्येक जण महिनोन्महिने ६० वरच राहतात.

रात्रभर चालणारं ते चित्र आता तिचं जेवण होईपर्यंत तयार असतं, पूर्ण आकाराच्या प्रतिमांसह. कार्डावरची मेमरी १० जीबीपर्यंत जाते, ब्लेंडरची खिडकी आणि आराखड्याचं सॉफ्टवेअर दोन्ही उघडं असताना. खेळ चांगल्या दर्जात ७५ ला टिकतो, फक्त बाजाराच्या गर्दीत ७० वर येतो. तेव्हा कार्डाचा वापर ८० टक्क्यांच्या आत असतो, म्हणजे ती प्रोसेसरची मर्यादा आहे आणि आम्हाला ती आधीपासून माहीत होती.

गेल्या आठवड्यात तिने त्याबद्दलच विचारलं, रायझन ५७०० एक्स३डी हा नंतरच्या पिढीचा प्रोसेसर याच बोर्डावर बसेल का म्हणून. मी तिला बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. आवृत्ती २०१९ ची निघाली, म्हणजे ५००० मालिकेच्या जन्माआधीची. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावं लागेल. तिची परीक्षा संपली की ते करायचं ठरलंय.